पाहुणे गेल्यावरच्या चादरी

मावशी, सलाम.

मी २३ वर्षांची, नगरची. डी.एड. झालंय, एका खासगी शाळेत पहिलीला शिकवते, रविवारी संडे स्कूल घेते. आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ दिवाळीच्या सुटीत बारा दिवस नेपाळला मिशन ट्रिपला निघालाय. आम्ही १४ जण, माणशी खर्च १८,००० रुपये. त्यातले पाच दिवस काठमांडूच्या एका बालगृहात व्हीबीएस, म्हणजे सुटीतली बायबल शाळा, घ्यायची आहे: ॲक्शन साँग, बायबलच्या गोष्टी, चित्रं. मुलांना वह्या, क्रेयॉन, टॉफ्या द्यायच्या. साठेक मुलं आहेत, सगळी अनाथ, असं आमचे लीडर सांगतात. मुलांसोबत भरपूर फोटो काढून आणा, पुढच्या वर्षी वर्गणी जमवायला बरं पडेल, असंही म्हणाले. माझ्या मनावर या मुलांचं खरंच ओझं आहे. पण मला नेपाळी येत नाही, पाच दिवसांत मी त्यांना देणार तरी काय? शिवाय आजी म्हणते, "इथली पोरं संपली का, तिकडं चाललीस?" तिला काय सांगावं कळेना. मुलांची सेवा नीट कशी करावी, सांगाल?

स., नगर

प्रिय स.,

सलाम. तुझं पत्र वाचताना मी 'टॉफ्या' या शब्दापाशी अडकले. कारण सांगते.

मी १९ वर्षं एका मिशन बोर्डिंगची अधीक्षिका होते. नाताळ ते फेब्रुवारी हा आमचा पाहुण्यांचा हंगाम. परदेशातून आठ-दहा जणांचा गट यायचा, तीन-चार दिवस राहायचा. मुली रांगेत उभ्या राहून स्वागतगीत म्हणायच्या. ते गीत मीच बसवून घ्यायचे, त्यामुळे या पत्रात पुढे कुणाला बोल लावेन त्यात मीही आले असं समज. पाहुणे जमिनीवर बसून मुलींशी खेळायचे, त्यांच्या वेण्या घालायचे, कडेवर घ्यायचे. निघताना दोन्हीकडून रडारड. आम्ही म्हणायचो, किती प्रेमळ माणसं.

पाहुणे गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला ओल्या चादरी जास्त निघायच्या. हे मला कळलं नव्हतं. आमच्याकडे धुणं धुणाऱ्या बाईंनी सांगितलं, तेही मी साबण जास्त का संपतो म्हणून विचारलं तेव्हा. "बाई, पावणे गेले की असंच असतंय," म्हणाल्या. आठ-नऊ वर्षांच्या मुली, एरवी अंथरूण ओलं न करणाऱ्या.

त्यातली एक सहा-सात वर्षांची पोर प्रत्येक पाहुणीच्या गळ्यात पडून 'मम्मी' म्हणायची. पहिल्या पाच मिनिटांत. त्या बायका हेलावून जायच्या, मायदेशी गेल्यावर तिच्यासाठी वेगळे पैसे पाठवायच्या. आम्हाला वाटायचं मुलगी लाघवी आहे. पुष्कळ वर्षांनी रुमानियातल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. बुखारेस्टमध्ये २००० साली तो सुरू झाला, संस्थांमध्ये वाढणारी १३६ लहान मुलं त्यात होती. काहींना सांभाळायला कुटुंबं दिली, काही संस्थेतच राहिली, आणि दोन्हींची वाढ पुढे वर्षानुवर्षं तपासली. संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये जे दिसलं त्यातली एक गोष्ट ही, की मूल अनोळखी माणसाकडे जराही न बिचकता जातं, त्याच्या मांडीवर बसतं, त्याच्याबरोबर चालू लागतं. घरातलं मूल आधी आईच्या पदराआड लपतं आणि तिथून पाहुण्याला न्याहाळतं. ज्याला लपायला पदरच नाही ते मूल लपत नाही. आमच्या त्या पोरीचा लाघवीपणा म्हणजे जखम होती, आणि दर हंगामात आम्ही तिच्यावरची खपली काढून पाहुण्यांना दाखवत होतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. नेपाळला जा. त्या बालगृहातले पाच दिवस मात्र कार्यक्रमातून काढून टाकायला सांग.

आता 'सगळी अनाथ' या दोन शब्दांकडे येऊ. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात असतं. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दूरच्या डोंगराळ जिल्ह्यांत दलाल हिंडायचे. पोराला काठमांडूत शिकवतो, माओवाद्यांच्या हाती लागू देत नाही, असं सांगून आईबापांकडून पैसे घ्यायचे आणि मुलं घेऊन यायचे. मग आईबाप मेल्याचे दाखले तयार व्हायचे. अशा मुलांना 'कागदी अनाथ' म्हणू लागले. नेपाळात ७७ जिल्हे आहेत, पण बालगृहांची दाटी काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा ठिकाणी, म्हणजे जिथे पाहुणे उतरतात तिथे. अनाथ मुलं काय तेवढ्याच जिल्ह्यांत जन्मतात? २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात जवळपास ९,००० माणसं गेली, तेव्हा सरकारला मुलांना पालकांशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घालावी लागली, ती याच धास्तीनं.

यातली गोम अशी की पाहुणे येतात म्हणून मुलं लागतात. वह्या, टॉफ्या, वर्गणी हे सगळं मुलांच्या संख्येवर येतं. मूल घरी परत गेलं तर एक डोकं कमी. तुमच्या १४ जणांच्या मनात यातलं काहीही नसेल, नसणारच. पण तुमच्या येण्यानं हिशोब त्याच बाजूला झुकतो.

एक गंमत बघ, म्हणजे गंमत कसली. तुम्ही निघालात दिवाळीत. नेपाळात तेव्हा तिहार असतो, आणि त्याच्या थोडे दिवस आधी दशैं, त्यांचा सगळ्यात मोठा सण. त्या दिवसांत काठमांडू ओस पडतं, बसच्या टपावरसुद्धा जागा नसते, कारण जो तो आपल्या गावी निघालेला असतो. तिहारच्या शेवटच्या दिवशी आपल्या भाऊबिजेसारखी भाइटीका. बहीण भावाच्या कपाळावर सात रंगांचा टिळा लावते. अशा दिवसांत साठच्या साठ मुलं तुमची वाट बघत बालगृहात बसलेली असतील, तर पहिला प्रश्न ॲक्शन साँग कुठलं घ्यायचं हा नाही. ही मुलं सणाला घरी का गेली नाहीत?

हाच प्रश्न तू तुझ्या लीडरना विचार. चारचौघांत नको, तिकिटं काढण्याआधी, पाळकसाहेबांसमोर, शांतपणे. "साहेब, सुटीत ही मुलं कुठे जातात?" एवढंच. त्यांना माहीत नसेल तर तिथे फोन करून विचारू द्यावं. सोबत हेही विचारून घ्यावं, की बालगृहाची नोंदणी आहे का, किती मुलांचे पालक हयात आहेत, मुलं त्यांना शेवटची कधी भेटली, आणि मुलांना घरी पाठवायचं काम तिथे कुणाकडे आहे. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्या सांगतात की पाहुण्यांना आम्ही मुलांमध्ये येऊ देत नाही. आणि माझ्या मते सगळ्यात बोलका प्रश्न: "आमच्या १४ जणांची पोलीस व्हेरिफिकेशनची कागदपत्रं आधी पाठवू का?" 'काही गरज नाही, तुम्ही आपलीच माणसं' असं उत्तर आलं, तर समज की त्या दारातून कुणीही आत जातं. २०१९ मध्ये नेपाळच्या एका न्यायालयानं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल एका कॅनेडियन माणसाला दोषी ठरवलं. तो रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणारा म्हणून जगभर नावाजलेला होता. त्यालाही सगळे आपलाच माणूस म्हणत होते.

लीडर म्हणतील, वचनातच सांगितलंय, बायबलमधलं याकोबाचं पत्र १:२७. मग ते वचन पूर्ण वाचा म्हणावं. 'अनाथ व विधवा ह्यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे.' आपण उपदेशात, पोस्टरवर, वर्गणीच्या पत्रकात अनाथ तेवढे उचलतो आणि विधवा गाळून टाकतो. का? तर विधवेला टॉफी देऊन फोटो काढता येत नाही. स्तोत्र ६८ मध्येही 'पितृहीनांचा पिता' आणि विधवांचा कैवारी एकाच ओळीत येतात. पितृहीन! बाप गेलेलं मूल. त्याची आई शेजारीच उभी आहे, तीच ती विधवा. शास्त्रात दोघं जोडीनं येतात आणि आपण मात्र मूल बालगृहात ठेवून आईला डोंगरावर विसरतो. तिला महिन्याचं तांदूळ-तेल आणि पोराची फी मिळाली असती तर कित्येक घरांतून मूल निघालंच नसतं.

भाबड्या श्रद्धेनं किती घसरता येतं याचा दाखला हैतीचा आहे. जानेवारी २०१० मध्ये तिथे भूकंप झाला. अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांमधली दहा माणसं ३३ मुलांना बसमध्ये घालून शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना सीमेवर पकडली गेली. अनाथांना वाचवायला आलो, असं त्यांचं म्हणणं. मुलांना बाहेर नेण्याची कागदपत्रं नव्हती, आणि पुढे उघड झालं की बहुतेक मुलांचे आईवडील जिवंत होते. बरं शिक्षण मिळेल या आशेनं त्यांनीच मुलं हवाली केली होती. त्या दहांमधल्या बहुतेकांच्या मनावर तुझ्यासारखंच ओझं असणार, मला शंका नाही.

पाळकसाहेबांना आणखी एक आठवण करून दे, कारण याची झळ तुम्हाला कमी आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना जास्त लागते. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याची देशाबाहेर रवानगी. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही म्हणून आपण परदेशी नाही असं होत नाही. तुम्ही गोरखपूरची गाडी पकडाल, चौकीत हेलपाटे तिथला पाळक घालेल. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी: कुठल्याशा बौद्ध तामांग किंवा हिंदू घरातलं मूल, आईबाप चार दिवसांच्या वाटेवर, आणि आपण त्याला हात वर करून प्रार्थना म्हणायला लावतो. तुझ्या भाचीला परगावच्या कुणी तिच्या आईला न विचारता असं दुसऱ्या धर्माचं काही म्हणायला लावलं असतं, तर तू शाळेत जाऊन भांडली असतीस. मीही आले असते सोबत.

मग बारा दिवस करायचं काय?

ज्या नेपाळी मंडळीशी तुमची ओळख आहे तिच्याकडे पाहुणे म्हणून जा. त्यांना विचारा, आमची काही मदत होईल का, आणि 'नाही' म्हणाले तर ऐका. तिथे साप्ताहिक सुटी शनिवारी, त्यामुळे उपासनाही शनिवारी. तुझं संडे स्कूल तिथे शनिवारी भरतं! चपला दाराबाहेर काढायच्या, खाली बसायचं, भेटल्यावर 'जय मसीह' म्हणायचं. तिथे येणारी मुलं आईबापाचा हात धरून येतात आणि हात धरून घरी जातात. त्यांच्यासोबत गाणं म्हण, खेळ. पण पुढे उभी राहणार त्यांची बाई, तू मागे. भाषा येत नाही याची इतकी चिंता करू नकोस. लिपी आपलीच आहे, दुकानाच्या पाट्या पहिल्या दिवसापासून वाचशील. आमा म्हणजे आई, दिदी म्हणजे ताई, आणि मोठ्यांना 'तपाईं'.

तू डी.एड. आहेस, पहिलीला शिकवतेस. हे तुझ्याजवळचं खरं भांडवल, आणि ते मुलांना पाच दिवसांत वाटून टाकण्यासारखं नाही. तिथल्या तीन-चार संडे स्कूल शिक्षिकांना रस असेल तर त्यांच्याबरोबर बस. काड्या, बिया, जुने पुठ्ठे यांच्यापासून शैक्षणिक साहित्य कसं करतेस ते दाखव, त्या काय करतात ते बघ. त्या बाया पुढची दहा वर्षं त्याच मुलांपुढे उभ्या राहणार आहेत. आणि संघातल्या मुलांना पत्रे बसवायची, भिंती रंगवायची हौस असेल तर त्यांना विचार, आपल्या घराचा पत्रा कधी बसवलाय का? काठमांडूत गवंडी आहेत, त्यांना मजुरी हवी आहे.

मुलांशी वागायचं कसं, ते तू विचारलंच आहेस. जिथे कुठे मुलं असतील तिथे हे पाळा. कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही, दोन मोठी माणसं हवीत. संडास, आंघोळ, कपडे बदलणं हे तिथल्या माणसांचं काम. मूल आपणहून हात धरेल तर धरू दे, आपण ओढून मांडीवर घ्यायचं नाही. 'तुझे बाबा कसे गेले?' हा प्रश्न कधीच नाही, साक्षीच्या नावाखालीही नाही. फोन नंबर, फेसबुक द्यायचं-घ्यायचं नाही. 'मी परत येईन' असं तर मुळीच म्हणू नकोस. आमच्या बोर्डिंगात एका मुलीनं हे वाक्य इंग्रजीत वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, खाली तारीख घालून. एखादं मूल अडचणीत आहे असं दिसलं तर स्वतः सोडवायला जाऊ नकोस, तिथल्या जबाबदार माणसाला सांग. नेपाळातही चाइल्ड हेल्पलाइन १०९८ च आहे, आपल्यासारखीच.

फोटोंचं लीडरना माझ्या नावानं सांग. आपल्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो छापणं हा गुन्हा आहे. जे नगरमध्ये चालत नाही ते सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडल्यावर चालायला लागतं का? वर्गणी जमवायला डोंगराचे फोटो काढा, तेही सुंदर दिसतात.

पैशांचंही बोलू, मंडळीत यावर कुणी बोलत नाही. १८,००० गुणिले १४ म्हणजे २,५२,०००. नेपाळी रुपयांत ४,०३,२००, कारण आपल्या एका रुपयाला त्यांचे १ रुपया ६० पैसे हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. मुलांना त्यांच्या घरी परत पोचवणाऱ्या, नंतर तीन-चार वर्षं घरी जाऊन चौकशी करणाऱ्या संस्था नेपाळात आहेत. चौदाऐवजी सहा जण गेलात आणि आठ जणांचे पैसे अशा कामाला, किंवा एकट्या आयांना आधार देणाऱ्या तिथल्या मंडळीला दिलेत तर? तुझ्या लीडरना हे पटणार नाही, मला माहीत आहे. ट्रिपची मजा जाते. तरी मांडून बघ.

राहिली आजी. आजी अर्धी बरोबर आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला टोळ्या निघतात, फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, पोरं असतात, त्यांची शाळा सुटते. हंगामी वसतिगृहं, आजी-आजोबांजवळ मागे राहिलेली मुलं, हे तुझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथली भाषा तुला येते आणि तू दर शनिवारी जाऊ शकतेस. पण आजीला हेही सांग, की परक्या मुलखात जाऊन सेवा करूच नये असं असतं तर नगरचं बरंच काही झालंच नसतं. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली. मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यात तिच्या नगरच्या शाळेचं नाव येतं. १८६२ मध्ये ती नगरलाच वारली. तेवीस वर्षं नगरात, मधलं एक मायदेशीचं आजारपण सोडलं तर मुंबई धरून तेहतीस. तुम्ही बारा दिवसांना निघालात. तेव्हा त्याला सेवा म्हणण्याऐवजी 'बघून येते, शिकून येते' असं म्हण. आजीला ते पटेल, आणि १८,००० मागताना थोडं जड जाईल, जाऊ दे.

ओझं खरं असेल तर परतल्यावर नेपाळी शिकायला लाग. पुण्यात नेपाळी बोलणारी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांच्याही मंडळ्या भरतात. वर्षभरानं पुन्हा जावंसं वाटलं तर त्याच गावी, त्याच बायांकडे जा.

आणि वह्या-क्रेयॉन काठमांडूत मिळतात, ओझं वाहू नका. टॉफ्या घेतल्याच असतील तर गोरखपूर येईपर्यंत गाडीतच संपवा.

तुझी,
मावशी